रॉजर मॅरिसच्या ६१ होमरनपुढे चांदणी कधीच नव्हती

बेसबॉलवेड्यांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षे फिरते आहे. १९६१ च्या हंगामात न्यूयॉर्क यांकीज संघाच्या रॉजर मॅरिसने ६१ होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलावणारे फटके) मारून बेब रूथचा १९२७ चा ६० होमरनचा विक्रम मोडला, पण अधिकृत विक्रमनोंदीत त्याच्या आकड्यापुढे चांदणी (*), म्हणजे ‘हा विक्रम पूर्ण खरा नाही’ अशी खूण छापली, अशी ती गोष्ट. तशी चांदणी कधीच छापली गेली नाही.

मग हे आलं कुठून? त्या वर्षी यांकीज ज्यात खेळत त्या अमेरिकन लीगमध्ये दोन संघ वाढले आणि हंगाम १५४ ऐवजी १६२ सामन्यांचा झाला. जुलैमध्ये बेसबॉलचे कमिशनर (सर्वोच्च प्रशासक) फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केलं, की १५४ सामन्यांनंतर विक्रम मोडला तर वेगळी खूण करावी लागेल. (हेच फ्रिक एकेकाळी रूथच्या नावाने लेख लिहून देत. आता बोला!) चांदणीची कल्पना पत्रकार डिक यंग यांची. प्रत्यक्षात रूथचा १५४ सामन्यांचा आणि मॅरिसचा १६२ सामन्यांचा, असे दोन्ही विक्रम फक्त वेगवेगळे नोंदवले गेले, आणि १९९१ मध्ये तोही भेद काढून टाकला. मॅरिस १९८५ मध्येच गेला होता.

‘जादा सामने मिळाले म्हणून जमलं’ हेही अर्धसत्यच. हंगामभरात मॅरिस ६९८ वेळा फलंदाजीला उभा राहिला, रूथ ६९१ वेळा.

आणि स्टेडियम खचाखच भरलं होतं म्हणणाऱ्यांसाठी: मॅरिसने ६१ वा होमरन मारला त्या १ ऑक्टोबरला यांकी स्टेडियमवर प्रेक्षक होते २३,१५४. निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. उजवीकडच्या स्टँडमध्ये ब्रुकलिनच्या १९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरने तो चेंडू झेलला आणि पुढे ५,००० डॉलरला विकला.