हिरवंगार टेस्टिंग: होतकरूंसाठी मौलिक सूचना

तुमच्याकडे ऑटोमेटेड टेस्टिंग, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रामची दुसऱ्या प्रोग्रामने घेतलेली परीक्षा, सुरू झालंय म्हणे. अभिनंदन! आता सॉफ्टवेअरची गुणवत्ता आपोआप वाढणार. तुम्ही एवढंच बघायचं, की टेस्ट पास झाली की हिरवा आणि फेल झाली की लाल होणारा भिंतीवरचा तो मोठा स्क्रीन हिरवा राहिला पाहिजे. प्लांटमध्ये काय चाललंय ते प्लांटवाले बघून घेतील. गेल्या आठवड्यात रात्री अडीचला मला फोन आला, तेव्हाही आमचा स्क्रीन हिरवाच होता. १,४१२ टेस्ट, एकही लाल नाही. त्या अनुभवाच्या जोरावर चार गोष्टी सांगतो.

सुरुवात खरेदीने करा. सगळ्यात महागडं टूल घ्या. तपासायचं काय, ते टूल आल्यावर ठरवता येतं.

मग कव्हरेज, म्हणजे प्रोग्रामच्या किती ओळी टेस्टमध्ये चालल्या त्याचं प्रमाण. साहेबांना ९० टक्के हवंय ना? सोपं आहे. प्रत्येक फंक्शन टेस्टमधून एकदा चालवायचं आणि उत्तर काय आलं ते विचारायचं नाही. ओळ चालली म्हणजे ओळ कव्हर झाली. बरोबर चालली का, असले भोचक प्रश्न त्या आकड्याला पडत नाहीत. आमच्याकडे ‘व्हॉल्व्ह बंद होतो का’ नावाची एक टेस्ट आहे. ती व्हॉल्व्हला ‘बंद हो’ म्हणते आणि संपते. पुढचं व्हॉल्व्ह जाणे.

सिम्युलेटर, म्हणजे खऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, ज्याने मूळ प्रोग्राम लिहिला त्याच्याकडूनच लिहून घ्या. त्याचा जो गैरसमज प्रोग्राममध्ये आहे तोच सिम्युलेटरमध्येही उतरतो आणि दोघांचं छान जमतं. त्यातले सेन्सर गुणी बाळासारखे असावेत. खरा लिमिट स्विच (यंत्राचा भाग ठरल्या जागी पोचला की दाबला जाणारा) दाबला की त्याचे कॉन्टॅक्ट काही मिलिसेकंद थरथरतात, फोटोसेन्सरच्या काचेवर धूळ बसते, उंदीर केबल कुरतडतात. असले अपशकुन टेस्टमध्ये आणू नका. तुटलेली तार ओळखता यावी म्हणून तर सेन्सरचा सिग्नल बऱ्याचदा ४ मिलिअँपिअरपासून सुरू करतात, शून्यापासून नाही. पण आपल्या सिम्युलेटरमध्ये तार तुटतच नाही, मग कशाला उगाच?

एखादी टेस्ट कधी पास, कधी फेल होते? तिला ‘फ्लेकी’ म्हणा, म्हणजे दोष टेस्टचा ठरतो. थांबायचा वेळ २ सेकंदांवरून ३० करा, किंवा तीनदा चालवून एकदा पास झाली तरी पास धरा. दोन सिग्नल मागेपुढे आले की प्रोग्राम गडबडतो, एवढंच ती बिचारी सांगत असेल, पण ऐकतोय कोण! थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्राने १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना बेसुमार मात्रा दिली. त्यातल्या टेक्सासमधल्या दोन घटनांत ऑपरेटरने स्क्रीनवरची चूक ८ सेकंदांच्या आत दुरुस्त केली होती आणि दोष तेवढ्यातच उठायचा. सावकाश टाइप करणाऱ्याला सगळं ठीकच दिसे. तिथेही तीनातून एकदा पास झालंच असतं.

टेस्टरला डिझाइन मीटिंगला बोलावू नका. प्रश्न विचारतो.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती: स्किप. टेस्ट लाल झाली की डोक्यावर ‘स्किप’ हा एक शब्द लिहायचा, की ती चालवलीच जात नाही, गप्प. आमची लाइन मिनिटाला २८ खोकी भरते. मोजणीला ४८ ने भाग गेला की पॅलेट (खोकी रचायची फळी) बदलतो. पूर्वी मोजणी दर आठ तासांच्या शिफ्टला शून्य व्हायची, म्हणजे फार तर १३,४४०. गेल्या आठवड्याच्या अपडेटमध्ये गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून ती चोवीस तासांची केली. बदल एका ओळीचा, टेस्ट हिरव्या, डेमोही झाला. डेमो दहा मिनिटांचा होता. सकाळी ७ ला लाइन सुरू झाली आणि साडेएकोणीस तासांनी मोजणी ३२,७६७ वर पोचली. उणे आकडेही धरणाऱ्या १६ बिटांच्या जागेत त्यापुढचा आकडा मावत नाही, तेव्हा पुढचं खोकं उणे ३२,७६८ वं. भागाकाराचा ताल चुकला, पॅलेट जागचा हलला नाही आणि रोबोट ४८ खोक्यांच्या भरल्या पॅलेटवर ४९ वं ठेवायला गेला. ऑपरेटरने एचएमआयचा (यंत्राजवळच्या कंट्रोल स्क्रीनचा) फोटो पाठवला: ‘आजची खोकी: -३२७५१’. खाली लिहिलं होतं, ‘साहेब, आपण आज देणं लागतो का?’

आणि ऐका. याची टेस्ट होती! मोजणी ३२,७६० वर ठेवायची, दहा खोकी पाठवायची, आकडा वाढतोय का बघायचं. कुणीतरी शहाण्याने दोन वर्षांपूर्वी लिहिलेली. ती तेव्हाही लाल होती. तेव्हाच! तिच्या डोक्यावर स्किप आणि शेजारी शेरा: ‘एवढा आकडा कधी येणार नाही. रिलीजनंतर बघू.’ रिव्ह्यूखाली मंजुरी कोणाची म्हणता? माझी.

‘एवढा आकडा येणार नाही’ हे वाक्य मंत्र म्हणून पाठ करा, त्याला परंपरा आहे. एरियान-४ रॉकेटमध्ये तेवढा मोठा आकडा खरंच येत नव्हता, म्हणून तो कमी बिटांत बसवताना मावला नाही तर काय, याची सोय केली नव्हती. तोच कोड एरियान-५ मध्ये उचलला आणि ४ जून १९९६ ला ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. सुमारे ४० सेकंदांत रॉकेटच्या चिंध्या. नव्या रॉकेटचा मार्ग धरून ती यंत्रणा आधी तपासलीच नव्हती. आणि गंमत म्हणजे कोडचा तो भाग उड्डाणानंतर लागतच नव्हता.

गंमत कसली डोंबलाची! अरे, टूल काय वाईट होतं? टूलने दोन वर्षांपूर्वी स्वच्छ सांगितलं होतं, आम्हीच त्याच्या तोंडावर पट्टी चिकटवली. वर दर महिन्याला ‘शंभर टक्के पास’ म्हणून रिपोर्ट पाठवला, कारण स्किप केलेल्या टेस्ट त्या हिशेबात धरतच नाहीत. याला टेस्टिंग म्हणतात? आजारी माणसाचा थर्मामीटर फोडून ताप उतरला म्हणायचं? रात्री अडीचला त्या रोबोटशेजारी तुम्ही उभे नसता, ऑपरेटर उभा असतो. त्याच्या हातावर खोकं पडलं असतं तर कोणता डॅशबोर्ड दाखवणार होतात?

परवा मी आमचे स्किप मोजले. ६३ निघाले. त्यातल्या ४१ स्किपपुढे कारण नाही, नाव नाही, तारीख नाही. सगळे काढले. स्क्रीन लालभडक झाला. आज सकाळी वरून निरोप आला: ‘उद्या क्लायंटची व्हिजिट आहे, तेवढं हिरवं करून ठेवा.’ मी ठेवलेलं नाही, ठेवणारही नाही. तुम्हीही आज घरी जायच्या आधी तुमचे मोजा.