१९६२ चा निर्णय आणि बीजिंगमधले राजकारण : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

१९६२ च्या भारत-चीन युद्धामागे चीनचे अंतर्गत राजकारण होते, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. जिथे निवडणुका नाहीत आणि विरोधी पक्ष नाही तिथे राजकारण कसले, माओंनी ठरवले आणि युद्ध झाले, हा पहिला. उपासमारीवरून जनतेचे लक्ष हटवण्यासाठी चीनने हल्ला केला, असे लिहून मी नेहरूंच्या फॉरवर्ड पॉलिसीवर, म्हणजे वादग्रस्त सीमाभागात पुढे जाऊन चौक्या बसवण्याच्या धोरणावर, पांघरूण घातले, हा दुसरा. दुसऱ्या आक्षेपात बरेच तथ्य आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

लक्ष हटवण्याचा तो तर्क माझ्या लेखात होता आणि तो टिकणारा नाही. ‘ग्रेट लीप फॉरवर्ड’ या शेती आणि उद्योगाचे उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या माओंच्या मोहिमेने ओढवलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली; पण त्याच काळात बीजिंगने ब्रह्मदेशाशी १९६० मध्ये आणि नेपाळशी १९६१ मध्ये सीमाकरार केले, आणि एप्रिल १९६० मध्ये पंतप्रधान चौ एन लाय स्वतः दिल्लीला बोलणी करायला आले. घरात अडचण असताना शेजाऱ्यांशी मिटवून घेण्याकडेच तेव्हाचा कल दिसतो. नोव्हेंबर १९६१ पासून भारताने पुरेशी रसद आणि तोफखाना पाठीशी नसताना पुढे चौक्या बसवायला सुरुवात केली, हेही खरे आहे, आणि युद्धाच्या कारणांत या धोरणाला जागा द्यायलाच हवी होती.

पहिला आक्षेप मात्र मला अजिबात मान्य नाही. एकपक्षीय राजवटीत विरोध संपत नाही, तो पक्षाच्या आत जातो आणि त्याची किंमत फार वाढते. जुलै १९५९ मध्ये लुशान येथे भरलेल्या पक्षनेत्यांच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओंना एक खासगी पत्र लिहिले. कोरियात चिनी फौजांचे नेतृत्व केलेला हा सेनानी हूनानमधल्या आपल्या गावी जाऊन लोकांचे हाल पाहून आला होता, आणि उत्पादनाचे फुगवलेले आकडे त्याला सहन होत नव्हते. माओंनी ते पत्र छापून बैठकीतल्या सर्वांना वाटले. पेंग यांना ‘पक्षविरोधी’ ठरवण्यात आले, त्यांचे पद गेले आणि त्या जागी लिन पियाओ आले.

तरीही तोंडे लगेच बंद झाली नाहीत. जानेवारी १९६२ मध्ये बीजिंगमध्ये सात हजार कार्यकर्त्यांची परिषद भरली. हे संकट तीन भाग अस्मानी आणि सात भाग माणसाने केलेले आहे, हे हूनानच्या शेतकऱ्यांचे बोलणे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांनी तिथे सर्वांसमोर सांगितले, आणि माओंना आत्मपरीक्षणाचे चार शब्द बोलावे लागले. त्याच सुमारास पक्षाच्या आंतरराष्ट्रीय संपर्क विभागाचे प्रमुख वांग जियाशियांग यांनी सुचवले की, देश खचलेला आहे, तेव्हा अमेरिका, सोव्हिएत संघ आणि भारत यांच्याशी ताण कमी करावा आणि परदेशांतल्या क्रांतीला द्यायची मदत आटोपती घ्यावी. म्हणजे संयमाची बाजू बीजिंगमध्येच, पक्षाच्या वरिष्ठ वर्तुळात मांडली जात होती. आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, याची मला खंत वाटते.

उन्हाळ्यात वारे फिरले. ऑगस्टमध्ये पेइताइहच्या बैठकीत आणि २४ ते २७ सप्टेंबरच्या दहाव्या प्लेनममध्ये, म्हणजे पक्षाच्या केंद्रीय समितीच्या पूर्ण बैठकीत, माओंनी वर्गसंघर्ष कधीही विसरू नका असे बजावले, पेंग यांनी आपल्यावरचा ठपका पुसावा म्हणून केलेला अर्ज झिडकारला आणि वांग यांची भूमिका शरणागतीची ठरवली. उपपंतप्रधान शी चोंगशुन, म्हणजे आजचे अध्यक्ष शी जिनपिंग यांचे वडील, एका कादंबरीच्या निमित्ताने याच प्लेनममध्ये पायउतार झाले. पूर्वेकडच्या सीमेवरील थागला परिसरात भारत आणि चीन यांच्या फौजा तेव्हा समोरासमोर होत्या, आणि महिना उलटण्याआधीच, २० ऑक्टोबरला हल्ला झाला. पक्षातले भांडण जिंकण्यासाठी माओंनी युद्ध केले, असा माझा दावा नाही. ‘थांबू या’ म्हणणारी माणसे तोवर गप्प बसवली गेली होती आणि त्यामुळे युद्धाचा पर्याय सोपा झाला, एवढेच माझे अनुमान आहे.

वादाचे मूळ सीमा आणि तिबेट हेच आहे, असेही आपण लिहिले आहे. पण तिबेटचा प्रश्नसुद्धा बीजिंगच्या लेखी अंतर्गतच होता. १९५५-५६ पासून खाम या पूर्व तिबेटी प्रदेशात लादलेल्या ‘सुधारणां’मुळे बंड पेटले आणि मार्च १९५९ मध्ये ते ल्हासापर्यंत पोहोचले. हा आपल्याच धोरणाचा परिणाम आहे असे म्हणणे, ज्या वर्षी पेंग यांची ती गत झाली त्या वर्षी कोणत्या अधिकाऱ्याला परवडले असते? दिल्लीने लोकांना चिथावले, हे स्पष्टीकरण सर्वांनाच सोयीचे होते, आणि पुढे भारताच्या प्रत्येक चौकीकडे बीजिंग त्याच नजरेने पाहू लागले. फॉरवर्ड पॉलिसीची चूक आपण दाखवलीत ती योग्यच आहे. मात्र त्या चौक्यांमागे तिबेट हिसकावण्याचा बेत आहे, हा अर्थ बीजिंगमध्ये लावला गेला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनच्या सैन्याचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रीय लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष जनरल ‘हे वेइदोंग’ यांची पक्षातून हकालपट्टी झाली, ही बातमी वाचताना मला लुशानच आठवले. कारणे वेगळी आहेत, आरोप भ्रष्टाचाराचे आहेत. पण चीनचे सैन्य आजही राज्याचे नसून पक्षाचे आहे, आणि तिथल्या सेनापतींना खरे सांगण्याची किती मुभा उरली आहे, हा प्रश्न लडाखमध्ये उभ्या असलेल्या आपल्या जवानांच्या दृष्टीने दूरचा नाही.

लक्ष हटवण्याविषयीचा तो परिच्छेद मी मूळ लेखातून काढला आहे आणि त्या जागी फॉरवर्ड पॉलिसीवर दोन परिच्छेद घातले आहेत. ते वाचून आपले मत अवश्य कळवावे.