पगार म्हणू नका

आपण अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या गावात राहता, मोटारींचे शोरूम किंवा दोन-चार मोटेले आपल्या नावावर आहेत, आणि शनिवारी आपल्या जुन्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ हरला की रविवारी आपल्याला अन्न गोड लागत नाही, असे गृहीत धरून हा सल्ला देत आहे. संघाला एखादा चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाती घेणारा खेळाडू, मिळवून द्यावा असे आपल्या मनात आले असेल, तर विचार उत्तम आहे. पथ्य एकच आहे: त्या मुलाला आपण पगार देत आहोत, असे चुकूनही म्हणू नका.

महाराष्ट्रातून गेलेल्या वाचकाची सुरुवातीला थोडी गल्लत होईल. १९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली, तेव्हा 'डोनेशन' हा शब्द आपण शिकलो तो बापाने कॉलेजला द्यायच्या रकमेसाठी. इथे गंगा उलटी वाहते. मुलाने आमच्याच कॉलेजात यावे म्हणून परकी माणसे वर्गणी काढतात आणि ती मुलाच्या पदरात टाकतात.

पथ्य फार जुने आहे. १९५५ साली कोलोरॅडोतील फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला, आणि त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली. त्याच सुमारास कॉलेज-क्रीडेची नियामक संस्था असलेल्या एनसीएएने 'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द घडवला. कामगार म्हटले की भरपाई आली. विद्यार्थी म्हटले की सांत्वन पुरते. पुढची साठ-पासष्ट वर्षे हे सोवळे किती कडक पाळले गेले, हे नव्या पिढीला सांगूनही पटणार नाही. २०१० साली जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीनने आपली स्वतःची जर्सी हजार डॉलरला विकली, म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवले. त्याच्या क्रमांकाच्या जर्सी विद्यापीठाच्या दुकानात तेव्हाही विकल्या जात होत्या. ओक्लाहोमात तीन खेळाडूंनी एका मेजवानीत मर्यादेपेक्षा जास्त पास्ता खाल्ला, तेव्हा प्रत्येकी ३ डॉलर ८३ सेंट धर्मादाय देऊन त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. (अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. तिथे पगार हा शब्द चालतो.)

जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंना मिळणाऱ्या लाभांवरील मर्यादांबद्दलच्या ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. दहा दिवसांत, १ जुलैला, खेळाडूंना आपले नाव, छबी आणि ओळख विकण्याची मुभा मिळाली. इंग्रजी आद्याक्षरांनी हेच एनआयएल. आता आपल्याला करायचे एवढेच, की आपल्यासारख्या दहा-वीस भाविकांना जमवून एक 'कलेक्टिव्ह' काढायचे. गणेशोत्सव मंडळाची वर्गणी ज्यांनी गोळा केली आहे, त्यांना यापेक्षा अधिक प्रशिक्षणाची गरज नाही. मंडळ विद्यापीठापासून कागदोपत्री अलग असावे. कार्यकर्ते तेच असले तरी हरकत नाही.

पैसे देताना बदल्यात काहीतरी घेतल्यासारखे दिसावे लागते, आणि इथे कल्पकतेला भरपूर वाव आहे. उत्तम आदर्श टेक्सासचा. तिथल्या एका ना-नफा मंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये 'पॅनकेक फॅक्टरी' जाहीर केली: आक्रमक फळीतल्या प्रत्येक शिष्यवृत्तीधारक आडदांड गड्याला वर्षाला ५०,००० डॉलर, आणि त्याबद्दल त्याने समाजकार्याला हातभार लावायचा. समाजकार्याची ओढ नेमकी त्याच फळीतल्या मुलांना कशी लागते, असले प्रश्न विचारू नयेत. आयकर खात्याने जून २०२३ मध्ये ते विचारलेच, आणि अशा बहुतेक संस्था करमाफीला पात्र ठरत नाहीत, असे मत एका टिपणात नोंदवले. सरकारी माणसांना भक्तिभाव कळत नाही.

जाहिरातीचा मार्ग त्या मानाने सरळ आहे. नेब्रास्का विद्यापीठात २०२२ साली डिकोल्डेस्ट क्रॉफर्ड नावाचा नवा खेळाडू आला. इंग्रजीत त्याच्या नावाचा अर्थ 'सर्वांत थंडगार' असा होतो. ओमाहातल्या एका वातानुकूलन कंपनीने त्याला लगेच करारबद्ध केले, आणि विद्यापीठासाठी एकही सामना खेळण्याआधी तो जाहिरातीत झळकला. या साऱ्या व्यवहारात नाव विकले म्हणजे खरोखरच नाव विकले, असा प्रसंग मला तरी दुसरा आठवत नाही. प्रामाणिकपणाची अशी उदाहरणे अनुकरणीय नाहीत, कारण प्रत्येक बापाने बारशाला इतकी दूरदृष्टी दाखवलेली नसते.

शक्यतो तोंडी बोला. तोंडी आश्वासनाला वजन असते आणि पुरावा नसतो. मात्र २०२४ च्या सप्टेंबरात लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लूका पहिले तिन्ही सामने जिंकून देऊन घरी निघून गेला. एक लाख डॉलर देण्याचा शब्द पाळला नाही, असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते. असा रीतसर प्रस्तावच नव्हता, असे कलेक्टिव्हचे. इतरत्र याला संप म्हणतात. इथे तसे म्हणता येत नाही, कारण संप करायला आधी नोकरी असावी लागते.

खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातल्या जून २०२५ च्या तडजोडीनंतर विद्यापीठेच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षी, २०२५-२६ साठी, प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा ठरली आणि या पैशाला 'महसुलातील वाटा' म्हणतात. आपले बाहेरचे करार ६०० डॉलरच्या वर असतील, तर ते डेलॉइट या हिशेबतपासनीस कंपनीने उभारलेल्या छाननी-यंत्रणेतून जातील आणि त्यांत 'खरा व्यावसायिक हेतू' आहे की नाही ते पाहिले जाईल. घाबरू नका. खेळाडूंना पैसे देण्यासाठी पैसे गोळा करणे हा असा हेतू नव्हे, असे या छाननीवर देखरेख करणाऱ्या नव्या आयोगाने जुलै २०२५ मध्ये ठणकावले आणि खेळाडूंची वकील मंडळी येऊन बसल्यावर महिनाभराच्या आतच नमते घेतले.

राहता राहिला आपला भाचा. तो पुण्याहून टेनिसच्या शिष्यवृत्तीवर त्याच विद्यापीठात आला असेल आणि कौतुकाने त्याच्याही हातावर काही ठेवावे असे आपल्याला वाटत असेल, तर तेवढे मात्र करू नका. तो एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर आहे, आणि त्या व्हिसावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर शिब्वे हा काँगोचा बास्केटबॉलपटू याच व्हिसामुळे अडला होता. २०२२ च्या ऑगस्टात संघ बहामाला गेला, तेव्हा त्याने तिथे परदेशी भूमीवर जाहिरातींचे काम उरकून घेतले. न्यायालये, विद्यापीठे, एनसीएए आणि आपले मंडळ या सर्वांनी मिळून जे काम नाही म्हणून ठरवले आहे, ते काम असू शकते अशी शंका अमेरिकेत एकट्या इमिग्रेशन खात्याला येते. भाच्याला दिवाळीचा फराळ पाठवा.