३२ वर्षे तोच मुद्दा? कोहेन यांच्या लेखनसूचीवरील आक्षेपाला उत्तर

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्या संशोधनलेखनावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, १९६२पासून १९९४पर्यंत कोहेन यांनी एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगितली: खरा फरक हाती लागायचा तर अभ्यासात पुरेशी माणसे हवीत. ती मानसशास्त्रापेक्षा आकडेमोडच अधिक आहे. आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील ज्या विद्यार्थ्याला ६० माणसे गाठतानाच नाकी नऊ येतात, त्याला तिचा उपयोग नाही.

पुनरुक्तीचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, म्हणून आधी तोच घेतो. १९६२च्या लेखात कोहेन यांनी एका नामांकित मानसशास्त्रीय नियतकालिकाचा १९६० सालचा खंड घेतला आणि त्यातील अभ्यासांना एकच प्रश्न विचारला: मध्यम आकाराचा फरक खरोखर अस्तित्वात असेल, तर तो या अभ्यासाच्या हाती लागण्याची शक्यता किती? सरासरी उत्तर आले ४८ टक्के. १९६९मध्ये त्यांनी नमुना किती जणांचा घ्यावा हे आधीच ठरवता यावे म्हणून तक्त्यांसह अख्खे पुस्तक दिले. पुढे १९८९मध्ये सेडलमायर आणि गिगेरेन्झर या संशोधकांनी त्या नियतकालिकाच्या जागी आलेल्या नियतकालिकाचा १९८४चा खंड तपासला, तेव्हा ही शक्यता वाढलेली नव्हती. पुस्तकाचे दाखले दिले जात होते, नमुने मात्र होते तेवढेच राहिले होते. अशा वेळी त्या माणसाने विषय बदलायचा, की जाडजूड ग्रंथ कोणी उघडत नाही हे ओळखून १९९२मध्ये अवघ्या पाच पानांत कामापुरता तक्ता द्यायचा? मला दुसरा मार्ग अधिक कष्टाचा आणि अधिक प्रामाणिक वाटतो. १९९४च्या लेखाचा विषय तर वेगळाच आहे: पी-मूल्य (मुळात फरक नसता, तरी निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची संभाव्यता) म्हणजे शून्य परिकल्पना, म्हणजेच ‘फरक नाही’ हे गृहीतक, खरी असण्याची संभाव्यता नव्हे, हे त्यात सांगितले आहे, आणि आपल्याकडच्या व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, आजही नेमकी हीच गल्लत ऐकू येते.

आता उपयोगाचे. आपल्याकडे नेहमी दिला जाणारा लघुशोधप्रबंधाचा विषय घ्या: ओलिताच्या आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मानसिक ताणाची तुलना, प्रत्येक गटात ३० जण. दोन्ही गटांत मध्यम फरक खरोखर असला, तरी ०.०५ पातळीवर (म्हणजे फरक नसताना तो आहे असे म्हणण्याचा धोका पाच टक्क्यांवर ठेवून) तो सापडण्याची शक्यता निम्म्याहून थोडी कमीच असते, म्हणजे कोहेन यांना १९६०च्या खंडात आढळली जवळपास तेवढीच. ती ८० टक्क्यांवर न्यायची तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. कापूस वेचणीच्या दिवसांत घरचे माणूस अंधार पडल्याशिवाय भेटत नाही. तरीही विद्यार्थिनी गावात थांबून प्रश्नावली भरून घेते आणि अखेर लिहिते की ‘सार्थ (योगायोगापलीकडचा) फरक आढळला नाही’. तिच्या मेहनतीची अशी माती होऊ नये, म्हणून हे गणित गावात जाण्याआधी करायचे. गटागणिक ६४ जण एकीला जमणार नसतील, तर तिघींनी मिळून एकच विषय घ्यावा. विद्यापीठाने प्रबंध वेगवेगळेच मागितले, तरी माहिती एकत्र गोळा करायला हरकत नसावी.

हे मानसशास्त्र नव्हे, असे आपण म्हणता. कोहेन यांची डॉक्टरेट चिकित्सा मानसशास्त्रातली होती आणि १९६०चा त्यांचा कप्पा गुणांक याच कामातल्या प्रश्नाला उत्तर देतो: दोन तपासनीसांचे एकाच व्यक्तीविषयीचे निदान कितपत जुळते? समजा, दोन विद्यार्थ्यांनी गावातील त्याच १०० जणांच्या मुलाखती घेतल्या. ८५ जणांना नैराश्य नाही आणि पाच जणांना आहे, यावर दोघांचे एकमत झाले. उरलेल्या दहांपैकी पाच जण एकाला नैराश्यग्रस्त वाटले, पाच दुसऱ्याला. जुळणी ९० टक्के दिसते, आणि प्रबंधात तीच अभिमानाने लिहिली जाते. पण दोघेही बहुतेकांना ‘नाही’ म्हणत असल्यामुळे नुसत्या योगायोगानेच ८२ टक्के जुळणी झाली असती. ती वजा केल्यावर शक्य असलेल्या १८ टक्क्यांपैकी आठच टक्के जुळणी उरते, म्हणजे कप्पा ०.४४. ज्या पाच-दहा माणसांसाठी हा सारा खटाटोप, त्यांच्याविषयीच दोघांचे जमत नाही, हे त्या एका आकड्यातून कळते. शेतकरी कुटुंबांच्या मनःस्वास्थ्याची पाहणी करणाऱ्याला यापेक्षा जवळचा प्रश्न कोणता असेल?

आपल्या एका मुद्द्याशी मी सहमत आहे. ०.२, ०.५ आणि ०.८ (दोन सरासरींतला फरक भागिले प्रमाण विचलन) या कोहेन यांच्या लहान, मध्यम, मोठ्या आकारांचा आज ठोकळेबाज वापर होतो. विषयातील माहितीवरून अधिक चांगला अंदाज करता येत नसेल, तेव्हाच हे आकडे वापरा, असे त्यांनी स्वतः बजावले होते. ती सूचना गळून पडली आणि आकडे तेवढे राहिले.

मग शिक्षकाची लेखनसूची तपासायची कशी, हा आपला शेवटचा प्रश्न. सूचीतील दोन-तीन लेख काढून वाचावेत आणि त्यांच्या आधारे दुसऱ्या कोणाला काही काम करता येते का, ते पाहावे. वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाला सहज कळेल अशी ताणाची मापनी कोणी तयार करून तिची विश्वसनीयता नीट तपासली असेल, तर तो एक लेख मी तीस-तीसच्या दहा तुलनांपेक्षा वर ठेवीन. आपल्या केंद्रातील विद्यार्थ्यांची तयारी असेल, तर ओलित-कोरडवाहूचा विषय दोन्ही महाविद्यालयांनी यंदा मिळून घ्यावा, असे मला वाटते. प्रश्नावलीचा मसुदा मी आपल्याला पाठवतो. आपण त्यातले दोष काढावेत.