हे ‘मिठाचं पाणी’ आधी स्वतःच्या अंगणात शिंपडा

‘गॅसच्या विहिरींतून निघणारं पाणी म्हणजे निरुपद्रवी मिठाचं पाणी’ असं सांगणारा एक मेसेज फिरत फिरत सांगलीत आमच्या आईपर्यंत पोचला, म्हणून लिहायला बसले. नाहीतर असल्या गोष्टींना उत्तर देत बसायची मला हौस नाही.

ताई अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात नर्स आहे. तिकडे गॅसच्या विहिरी पावलापावलावर. खोल खडकात दाबाने पाणी सोडून तो फोडतात आणि गॅस काढतात, त्याला फ्रॅकिंग म्हणतात. त्यांतून निघणाऱ्या सांडपाण्याचं करायचं काय, यावरच्या एका जनसुनावणीत ती आणि तिच्या काही सहकारी नर्स बोलल्या. त्यानंतर एका इंग्रजी पोस्टचं मराठी रूप आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर येऊन पडलं. त्याचं म्हणणं असं: फ्रॅकिंगचं पाणी म्हणजे ९९.५ टक्के पाणी आणि वाळू, बाकी मीठ. ते घातक असतं तर कायद्यानेच घातक ठरवलं असतं. रस्त्यावर ते धूळ बसवायला मारतात, त्यात काय बिघडलं? कॅन्सरचं काही सिद्ध झालेलं नाही. आणि नर्सनी सलाईन लावावं, भूगर्भशास्त्र शिकवू नये. हे वाचून आईने ताईला फोन केला आणि एकच विचारलं, “नोकरीला धोका नाही ना?” पोस्ट लिहिणाऱ्याला हेच हवं होतं.

पहिला आकडा ढोबळ मानाने खरा आहे. फक्त तो विहिरीत जाणाऱ्या पाण्याचा आहे आणि भांडण चाललंय बाहेर येणाऱ्या पाण्याचं. चहात साखर किती घातली ते सांगून मोरीतलं पाणी गोड ठरवण्यातला हा प्रकार. मार्सेलस शेल नावाचा तिथला खडक जमिनीखाली दीड-दोन किलोमीटरवर आहे आणि त्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा क्षार अडकलेला आहे. वर येताना पाणी तो क्षार, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि किरणोत्सर्गी रेडियम घेऊन येतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने २०११ मध्ये जुने नमुने एकत्र करून पाहिले, तेव्हा मार्सेलसच्या पाण्यात रेडियमची मध्यक पातळी (अर्धे नमुने याहून वर, अर्धे खाली) लिटरला २,४६० पिकोक्युरी निघाली; पिकोक्युरी हे किरणोत्सर्ग मोजायचं माप. पिण्याच्या पाण्यात तिथे ५ चालतात. पोस्टमधलं ‘बाकी मीठ’ ते हे. रेडियमला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. रेडियम-२२६ निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात.

आता कायद्याचा मुद्दा. सगळ्यात जास्त संताप याच मुद्द्याचा येतो, कारण हा अज्ञानातून आलेला वाटत नाही. या पाण्याला अमेरिकेचा केंद्रीय कायदा घातक कचरा म्हणत नाही, हे खरं. का म्हणत नाही? १९८० मध्ये तिथल्या संसदेने तेल आणि वायूच्या उत्खननातून निघणारा कचरा घातक कचऱ्याच्या नियमांतून तात्पुरता वगळला आणि केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला अभ्यास करायला सांगितलं. १९८८ मध्ये संस्थेने निर्णय दिला की सूट राहू द्यावी. कचरा निरुपद्रवी निघाला म्हणून नव्हे. राज्यांचे नियम बहुतांशी पुरेसे आहेत आणि कडक नियमांचा खर्च उद्योगाला जड जाईल, अशी कारणं होती. त्याच संस्थेने पुढे या सवलतीवर पुस्तिका काढली, तीत साफ लिहिलंय की सूट आहे याचा अर्थ हा कचरा नीट हाताळला नाही तर आरोग्याला धोका नाही, असा होत नाही. म्हणजे ज्यांनी सूट दिली तेच सांगताहेत की सूट हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे. आणि आमच्या ग्रुपवरचे काका तोच दाखला म्हणून नाचवताहेत. सूट मागून घ्यायची आणि मग ‘बघा, यादीत नाव नाही’ म्हणायचं!

रस्त्याचं थोडक्यात. तिथल्या गावांतल्या खडीच्या रस्त्यांवर हे पाणी वर्षानुवर्षं टँकरने मारलं गेलं, तेही बहुतेक जुन्या पद्धतीच्या विहिरींचं. पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१८ चा अभ्यास सांगतो की २००८ ते २०१४ या काळात पेनसिल्व्हेनियात रस्त्यांवर मारलेल्या पाण्यातून जितकं रेडियम बाहेर पडलं, ते सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून पडलेल्याच्या चौपटीहून जास्त होतं आणि अपघाती गळतीतून पडलेल्याच्या दोनशे पट. २०१८ मध्येच राज्याने परवानगी थांबवली. बरं, धूळ तरी नीट बसते का? त्याच विद्यापीठाच्या नंतरच्या चाचण्यांत बाजारात मिळणाऱ्या द्रावणांपेक्षा हे पाणी कमी पडलं.

कॅन्सरबद्दल अर्धी गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरशी विहिरींचा संबंध सापडला नाही. शिवाय तो विहिरींबद्दलचा अभ्यास आहे, नुसत्या सांडपाण्याबद्दलचा नाही, आणि संबंध दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे. पण विहिरीपासून मैलभराच्या आत राहणाऱ्या मुलांत लिम्फोमाचं (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचं) प्रमाण त्याच अभ्यासात, जवळपास विहीर नसलेल्या मुलांच्या पाच ते सात पट निघालं. हे वाक्य पोस्टमध्ये कसं गळालं?

राहता राहिल्या नर्स. यांचा काय संबंध, म्हणे! २००८ मध्ये कोलोराडोतल्या ड्युरँगो इथे गॅसच्या विहिरीवरचा एक कामगार अंगावर रसायन सांडलेल्या अवस्थेत इमर्जन्सीत आला. त्याचे कपडे उतरवून पिशवीत भरले ते नर्सने. काही दिवसांत तीच अतिदक्षता विभागात गेली आणि तिच्या डॉक्टरांना रसायनात नेमकं काय आहे हे कंपनीने सांगितलं नाही. व्यापारी गुपित! (ते फ्रॅकिंगचं रसायन होतं, सांडपाणी नव्हे. पण विहिरीत घातलेलं काही अंशी परत वर येतंच.) २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदा केला, त्यात डॉक्टर-नर्सना अशी माहिती हवी तर गुप्ततेच्या अटी मान्य कराव्या लागत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद २०१६ मध्ये रद्द केली, तोवर चार वर्षं गेली. मधेच, २०१४ मध्ये, राज्याच्या आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या एका सामुदायिक आरोग्य नर्सने पत्रकारांना सांगितलं की फ्रॅकिंगसंबंधी काही शब्दांची यादीच त्यांना दिली होती. फोनवर त्यातला शब्द आला तर बोलायचं नाही, तक्रार वर पाठवायची.

पुरळ आलेलं पोर, डोकं धरून बसलेली बाई, टँकर धुणारा ड्रायव्हर दवाखान्यात आले की पहिला प्रश्न नर्स विचारते: काय काम करता, घराजवळ काय आहे, पाणी कुठलं पिता? एकाच रस्त्यावरची चौथी तक्रार आली की ते सगळ्यांत आधी तिच्याच लक्षात येतं. अमेरिकेतल्या नर्सच्या आचारसंहितेत समाजाच्या आरोग्यासाठी पुढे येणं हे कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, हौस म्हणून नव्हे.

आणि त्यांनी सुनावणीत मागितलं तरी काय? टँकरमध्ये काय आहे ते लिहून द्या, हे पाणी रस्त्यावर मारण्यावर कायमची बंदी घाला, आजूबाजूच्या घरांच्या बोअरचं पाणी सरकारी खर्चाने तपासा. विहिरी बंद करा असं ताई बोललीच नव्हती. आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. काकांना ही पोस्ट पाठवतेय.