“सह्याद्री आपल्याला वाचवतो” या मेसेजला उत्तर

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच: “घाबरू नका. वादळं शेवटी ओमानला नाहीतर गुजरातला वळतात. सह्याद्री आपल्याला वाचवतो. हवामान खात्याचे अंदाज चुकतातच. आपल्या आजोबांनी कधी घर सोडलं नाही. वारा पडला की कामाला लागा.” या वेळी तो मला माझ्या मावशीने पाठवला. ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहते, म्हणून हे लिहितोय.

बरीच वादळं वळतात, हे खरं. पण 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वळलं नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा घेऊन ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ मात्र खरोखर गुजरातला गेलं. पण जाताना आपल्या किनाऱ्याला समांतर गेलं, आणि मुंबईपासून लांब भर समुद्रात पी-305 हा कामगारांच्या राहण्याचा तराफा आणि वरप्रदा ही टगबोट बुडून 70 हून अधिक कामगार गेले. त्यांच्यासाठी ते वळलेलं वादळ नव्हतं.

सह्याद्रीचं म्हणाल, तर नकाशा उघडून बघा. आपण डोंगराच्या पश्चिमेला आहोत. समुद्रावरून येणारा वारा आधी आपल्यावर आदळतो, मग डोंगरावर. उलट डोंगर ढग अडवतो आणि पाऊस आपल्याच नद्यांत ओततो, तेही समुद्र खाडीच्या तोंडातून आत रेटत असताना. खाडीकाठच्यांना हे वेगळं सांगायला नको.

अंदाजांबद्दल लोक ठासून सांगतात, “2020 ला मुंबईला रेड अलर्ट होता, काय झालं?” 1 जूनचा अंदाज होता हरिहरेश्वर ते दमणच्या दरम्यान, 3 तारखेच्या संध्याकाळी किंवा रात्री. वादळ आलं त्याच पट्ट्याच्या दक्षिण टोकाशी, आणि दुपारीच. अंदाज पट्ट्याचा असतो, आपण तो एका गावाचा समजतो. आणि वेळ चुकली ती आपल्या बाजूने नाही. संध्याकाळपर्यंत बघू म्हणणाऱ्यांना ती संध्याकाळ मिळालीच नाही. इशारा ऐकून माणसं हलवली की काय होतं, ते ओडिशाने दाखवलंय: 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे 10 हजार माणसं गेली, 2013 च्या ‘फायलिन’च्या आधी लाखो लोक हलवले, तेव्हा मृतांचा आकडा काही डझनांत राहिला.

आता आजोबा. जूनमध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ येण्याची गोष्ट शंभराहून अधिक वर्षांत घडली नव्हती. आजोबांनी घर सोडलं नाही, कारण त्यांच्या वाट्याला जूनमधलं असं वादळ आलंच नव्हतं.

आमच्या वाडीत ‘निसर्ग’नंतर, 4 जूनला सकाळी शिरायला वाट नव्हती. पोफळी कमरेच्या उंचीवर पिळवटून मोडलेल्या, एकीवर एक. नवीन लावली तर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं. जे माड उभे राहिले, त्यांच्या झावळ्या खाऱ्या वाऱ्याने आठवडाभरात करपल्या. मंगलोरी कौलं शेजारच्या विहिरीत सापडली. आजी ज्या खाटेवर झोपायची, तिच्यावर वासा आडवा पडला होता. आजी तेव्हा शाळेच्या स्लॅबखाली तोंडाला पदर बांधून बसली होती. करोनाच्या भीतीने तिला तिथे जायचंच नव्हतं; चुलत्यांनी अक्षरशः उचलून नेलं.

गोठ्यातल्या जनावरासाठी माणूस मागे थांबतो, ते मला समजतं. त्यावर उपाय एकच, निघताना दावं सोडायचं. बांधलेलं जनावर गोठ्याखाली सापडतं.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य शेवटचं आहे. वादळाचं केंद्र डोक्यावर आलं की वारा पडतो, कधी ऊनही दिसतं. थोड्या वेळाने तो उलट्या दिशेने सुटतो, आणि पहिल्या वाऱ्याने सैल झालेली कौलं, पत्रे आणि फांद्या तेव्हा सुटून येतात. त्याच वेळी कोणीतरी छपरावर चढलेलं असतं.

मावशीला मी फोन केला. म्हटलं, बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागलाय, गोळ्या आणि घराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घाल, गाईचं दावं सोड आणि उजेड आहे तोवर शाळेत जा. तिथे पोचलीस की फोन कर. ‘निसर्ग’च्या वेळी रेंज पहिल्या तासातच गेली होती.