क्लाइड रॉसचं घर आणि ग्रुपवर फिरणारा तो मेसेज

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर परत तो मेसेज आला. याआधी दोनदा येऊन गेलाय, मावसभावाने पण पाठवला होता, तेव्हा गप्प बसलो, या वेळी राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. मेसेजचा सारांश असा, की ता-नेहासी कोट्स नावाचा अमेरिकेतला काळा लेखक गाडलेली मढी उकरत बसतो, गुलामगिरी 1865 लाच संपली आणि तिच्याशी संबंध असलेलं आज कुणी जिवंत नाही, ओबामा 8 वर्षं प्रेसिडेंट होता म्हणजे समानता पण आली, आपण भारतीय दोन बॅगा घेऊन आलो आणि मेहनतीने वर आलो मग यांनाच काय धाड भरलीय, आणि शेवटी काय तर या माणसाला गोऱ्यांचा राग आहे नि फुकटचे चेक पाहिजेत.

मी कोट्सला बरीच वर्षं वाचतोय, त्यामुळे एकेक मुद्दा घेतो.

पहिला, 1865 चा. ज्या लेखावरून त्याला सगळ्यात जास्त शिव्या बसतात तो 'द केस फॉर रेपरेशन्स' (रेपरेशन्स म्हणजे झालेल्या अन्यायाची भरपाई) जून 2014 च्या 'द अटलांटिक' मासिकात आला, आणि त्याची सुरुवात गुलामगिरीने होतच नाही हो, ती होते क्लाइड रॉस नावाच्या माणसापासून. जन्म 1923, मिसिसिपीतलं क्लार्क्सडेल. वडिलांची स्वतःची जमीन, गाई, डुकरं, खेचरं, सगळं होतं, एक दिवस सांगितलं गेलं की तुमचा 3,000 डॉलर टॅक्स थकलाय, वडिलांना वाचता येत नव्हतं, वकील नव्हता, जमीन गेली जनावरं गेली आणि घरचे सगळे दुसऱ्याच्या शेतात बटईने राबायला लागले. क्लाइड 10 वर्षांचा असताना त्याचा एक तांबडा घोडा होता, काही गोरे आले, म्हणाले हा आम्हाला पाहिजे, वडिलांच्या हातावर 17 डॉलर ठेवले आणि घोडा घेऊन गेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचायला जरा वेळ लागला.

हाच मुलगा पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला, 1947 मध्ये शिकागोला आला, नोकरी लागली, लग्न झालं, आणि 1961 मध्ये त्याने नॉर्थ लॉनडेल भागात घर घेतलं 27,500 डॉलरला. विकणाऱ्याने तेच घर सहाच महिन्यांपूर्वी 12,000 ला घेतलं होतं.

आता इथे जरा थांबा, कारण यातली खरी गोम आकड्यात नाही, कागदात आहे. मी स्वतः इथे अमेरिकेत 30 वर्षांच्या फिक्स्ड लोनवर घर घेतलंय, ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी घेतलंय, आपल्याला माहितीये की पहिल्या दिवसापासून घर आपल्या नावावर असतं, दर महिन्याच्या हप्त्यातला थोडा भाग मुद्दल कमी करतो, आणि उद्या घर विकलं तर तेवढे पैसे आपले. रॉसकडे जे होतं ते लोन नव्हतंच, 'काँट्रॅक्ट' होतं. घर पूर्ण फिटेपर्यंत विकणाऱ्याच्या नावावर, दुरुस्ती मात्र घेणाऱ्याच्या डोक्यावर, आणि एक हप्ता, एकच, चुकला की डाउन पेमेंट, आतापर्यंतचे सगळे हप्ते आणि घर, तिन्ही गेलं. माणूस बाहेर काढायचा आणि तेच घर पुढच्या काळ्या कुटुंबाला तसंच विकायचं. हप्ता चुकू नये म्हणून रॉसने दुसरी नोकरी धरली, मग तिसरी, आणि पोरांच्या वाट्याला बाप आलाच नाही.

मग बँकेत का नाही गेला? कारण बँका त्याला कर्ज देत नव्हत्या, आणि त्या तसं करत होत्या सरकारच्या धोरणामुळे. 1934 मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन निघालं, ते घरांच्या कर्जाला हमी द्यायचं, त्यामुळे व्याज कमी झालं आणि लाखो गोऱ्या कुटुंबांची पहिली घरं झाली, पण काळी वस्ती असली की त्या भागाला सगळ्यात खालचा दर्जा, नकाशावर लाल रंग, हमी नाही. यालाच रेडलायनिंग म्हणतात. घर विकताना-देताना वंश बघायला कायद्याने बंदी आली 1968 मध्ये. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या हयातीतली गोष्ट आहे ही.

आणि हा 'दीडशे वर्षं झाली' वाला मुद्दा काही नवा नाही, सिनेटमधले तेव्हाचे रिपब्लिकन नेते मिच मकॉनेल जून 2019 मध्ये हेच म्हणाले होते. दुसऱ्याच दिवशी कोट्सची काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, समितीसमोर साक्ष होती, तिथे त्याने सांगितलं की मकॉनेल 1865 ला नव्हते हे बरोबर, पण 1944 मध्ये जॉर्ज स्टिनी या 14 वर्षांच्या काळ्या पोराला इलेक्ट्रिक चेअरवर बसवलं तेव्हा ते जन्मलेले होते, 1946 मध्ये युद्धावरून परतलेल्या आयझॅक वुडर्ड या काळ्या सैनिकाचे डोळे फोडले तेव्हाही होते.

ओबामाचा मुद्दा. कोट्सच्या 2017 च्या पुस्तकाचं नावच 'वी वेअर एट इयर्स इन पॉवर' आहे आणि ते शब्द ओबामाच्या काळातले नाहीत, 1895 मधले आहेत. साउथ कॅरोलायनाच्या घटना परिषदेत थॉमस मिलर नावाचा काळा प्रतिनिधी सांगत होता की गुलामगिरी संपल्यावर आमच्या हातात 8 वर्षं सत्ता होती, आम्ही शाळा काढल्या, कारभार नीट केला. तरी त्या परिषदेने काळ्यांच्या मतदानाची वाट लावलीच. वर एक माणूस बसला म्हणून खालचं बदलत नाही, हे कोट्सला त्यातून सांगायचंय. फेडरल रिझर्व्हच्या 2022 च्या पाहणीत मधल्या (मीडियन) गोऱ्या कुटुंबाची संपत्ती 2,85,000 डॉलर होती आणि मधल्या काळ्या कुटुंबाची 44,900. ओबामा जाऊन तेव्हा 5 वर्षं झाली होती.

आता 'आपण वर आलो' हा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त लागतो कारण त्यात मी पण आलो. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिकत्व नाही. 1946 नंतर भारताला कोटा मिळाला, वर्षाला 100 माणसं! दार खऱ्या अर्थाने उघडलं 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि 1964 चा नागरी हक्क कायदा, 1965 चा मतदान हक्क कायदा आणि हा कायदा एकाच लाटेतले आहेत. ती लाट काळ्या माणसांनी डोकी फोडून घेऊन आणली. आणि त्या दारातून आलं कोण, तर डॉक्टर, इंजिनिअर, डिग्रीवाले, म्हणजे गाळून घेतलेले लोक. आपण मेहनत केली, शंभर टक्के केली, पण आपल्या बापाची जमीन इथे कुणी टॅक्सच्या नावाखाली काढून घेतली नव्हती. हे फुल्यांच्या महाराष्ट्रातल्या माणसाला सांगायला लागावं याचं वाईट वाटतं. 1873 मध्ये जोतिबांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं की काळ्यांच्या प्रश्नाचा मी अभ्यास केलाय, त्यांची आणि अस्पृश्यांची परिस्थिती सारखी आहे. त्यांना जे दिसलं ते आपल्याला का दिसू नये?

गोऱ्यांचा राग म्हणाल तर 'बिटवीन द वर्ल्ड अँड मी' वाचा, कोट्सचं 2015 चं पुस्तक, मुलाला लिहिलेलं पत्र आहे. त्यात त्याचा कॉलेजचा ओळखीचा प्रिन्स जोन्स 2000 मध्ये पोलिसाच्या गोळीने मरतो. तो पोलिस काळा होता. कोट्स हे लपवत नाही, उलट सांगतो की त्या पोलिसाच्या काउंटीत (जिल्ह्यात) सत्तेवर पण बरेच काळे लोक होते, म्हणजे प्रश्न कातडीचा नाही, व्यवस्थेने कुणाचा जीव स्वस्त ठरवलाय याचा आहे. माझंही त्याच्याशी सगळं पटत नाही, पोराला तो आशा फार कमी देतो आणि बाप म्हणून मला ते जड जातं, पण द्वेष मला त्यात कुठे सापडला नाही.

राहिले चेक. लेखात कोट्स स्वतः कुठली रक्कम मागत नाही. त्याची मागणी एचआर 40 या विधेयकाची, जे काँग्रेसचे सदस्य जॉन कॉनियर्स यांनी 1989 मध्ये पहिल्यांदा मांडलं आणि नंतर ते वर्षानुवर्षं मांडत राहिले, आणि त्यात म्हटलंय की आयोग नेमा, गुलामगिरीच्या परिणामांचा आणि भरपाईचा अभ्यास करा, उपाय सुचवा. याच देशाने दुसऱ्या महायुद्धात छावणीत डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांची माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर द्यायचा कायदा केला, 1988 मध्ये, सही रेगनची. तेव्हा अट होती की माणूस जिवंत पाहिजे. कोट्स क्लाइड रॉसला भेटला तेव्हा रॉस नव्वदीचा होता, आणि नॉर्थ लॉनडेलमधल्या त्याच घरात राहत होता.